परजीवीची वेगळी चूल

रोवणीचे दिवस आहेत. पाय बांधीच्या चिखलात आणि कान रेडिओकडे, असे आपले सगळ्यांचे चालले आहे. आज आम्ही दोघी हिवतापावर बोलणार आहोत. पण डास, मच्छरदाणी आणि साचलेले पाणी आज नको. ते आशाताई सांगतात आणि आमच्यापेक्षा चांगले सांगतात. आज बोलू औषधाबद्दल, आणि औषध मुळात शोधतात कसे त्याबद्दल.

याला कारण एक फोन. मागच्या कार्यक्रमानंतर आला होता. पाचवा महिना लागलेली एक सून बोलत होती. थंडी वाजून ताप आला, रक्त तपासले, व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला. तीन दिवस क्लोरोक्विनच्या गोळ्या घेतल्या आणि ताप उतरला. पण त्याच घरात दिराला हाच ताप आला होता, तेव्हा त्याला पुढे आणखी चौदा दिवस दुसऱ्या गोळ्या मिळाल्या होत्या. हिला त्या मिळाल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, गोळ्या संपल्या असतील, नाहीतर बाईमाणूस म्हणून टाळले असेल. सिस्टरने सांगितले की गरोदरपणी ती गोळी चालत नाही. दीड महिन्याने हिला पुन्हा ताप. ती आम्हाला म्हणाली, "मला चालेल अशी गोळी कोणी काढत का नाही?"

आमच्यापैकी एकीने तीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली आहे, दुसरी शाळेत विज्ञान शिकवते. तरीही दोघींना चटकन उत्तर देता आले नाही. महिनाभर वाचले, विचारले, आपसात भांडलो, आणि आज तुमच्यापुढे बसलो आहोत.

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. डासाच्या लाळेतून हिवतापाचे परजीवी अंगात येतात ते पहिल्यांदा यकृतात जातात. तिथे आठवडाभर गुपचूप वाढतात. मग रक्तात उतरून तांबड्या पेशींत शिरतात. एका पेशीत शिरलेल्या एकाचे साधारण दोन दिवसांत वीस-तीस होतात, पेशी फुटते, ताप चढतो आणि बाहेर पडलेले नव्या पेशींत घुसतात. फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स या आपल्याकडच्या दोन मुख्य जाती. फाल्सिपेरम जीवघेणा. व्हायवॅक्स तेवढा घातक नसला तरी चिवट, कारण त्याचे काही भाऊबंद यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतात. दिराला चौदा दिवस दिलेली गोळी प्रायमाक्विन. ती या झोपलेल्यांसाठी असते.

आता अडचण कुठे आहे ते पाहा. जखमेत पू करणारे जिवाणू आपल्या पेशींपेक्षा फार वेगळे असतात, त्यामुळे त्यांना मारून आपल्याला न मारणारी औषधे पुष्कळ सापडली. हिवतापाचा परजीवी जिवाणू नाही. त्याच्या पेशीला आपल्यासारखेच केंद्रक असते आणि पुष्कळसा कारभारही आपल्यासारखाच चालतो. दूरचा का होईना, तो आपला नातेवाईक आहे. त्याला घातलेले विष आपल्यालाही लागण्याची भीती असते. म्हणून शास्त्रज्ञ अशी जागा शोधतात जिथे त्याने आपल्यापासून वेगळी चूल मांडली आहे. इंग्रजीत त्या जागेला टार्गेट म्हणतात, मराठी पुस्तकांत लक्ष्य. आम्ही आपले चूलच म्हणतो.

पण वेगळी चूल सापडली म्हणजे काम झाले असे नाही. ती विझवल्यावर तो उपाशी मरायला हवा. शेजारच्या घरून भाकरी आणून भागत असेल, तर चूल विझवून काय उपयोग? आणि त्याचे शेजारचे घर म्हणजे आपले रक्त, जिथे खायला-प्यायला भरपूर आहे.

एक जुनी चूल तुमच्या ओळखीची आहे. गरोदरपणात आपण लोहाबरोबर फॉलिक ॲसिडची गोळी घेतो, पालेभाज्या खातो. कारण फोलेट आपल्या शरीराला बनवता येत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. परजीवी मात्र ते स्वतः रांधतो. त्या रांधण्यातली एक पायरी सल्फाडॉक्सिन अडवते. ती पायरी आपल्यात नाहीच. पुढची पायरी पायरिमेथामिन अडवते. ती आपल्यातही आहे, पण तिथल्या एन्झाइमची घडण थोडी वेगळी, तेवढ्यावर भागते. भारतात बहुतेक राज्यांत फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेटबरोबर हीच जोडी दिली जात आली आहे. परजीवीने मात्र हळूहळू त्या एन्झाइमांची घडण बदलली. ईशान्येकडच्या राज्यांत औषध पुरे पडेना, तेव्हा २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तिथल्यासाठी वेगळे संयुक्त औषध ठरवावे लागले. (जाता जाता एक. ही जोडी चालू असताना फॉलिक ॲसिडचा मोठा डोस, रोज पाच मिलिग्रॅमचा, घेऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्याने परजीवीला आयता डबा मिळतो. गरोदरपणातली नेहमीची गोळी त्यापेक्षा बरीच लहान असते. ती आपल्या मनाने बंद करू नका, सिस्टरना विचारा.)

क्लोरोक्विनची गोष्ट वेगळी. ते चुलीवर जात नाही, उकिरड्यावर जाते. परजीवी आपले हिमोग्लोबिन खातो, त्यातून उरणारे हीम त्याला विषारी असते. तो त्याचे तपकिरी खडे करून बाजूला ठेवतो. क्लोरोक्विन ते खडे होऊ देत नाही आणि परजीवी स्वतःच्याच कचऱ्याने मरतो. युक्ती फार छान होती, पण फाल्सिपेरमने एका दाराची रचना बदलली आणि क्लोरोक्विन बाहेर लोटायला शिकला. भारतात हे पहिल्यांदा आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये १९७३ मध्ये दिसले.

मग आधार राहिला आर्टेमिसिनिनचा. चीनच्या थू यूयू यांनी १९७० च्या दशकात एका औषधी वनस्पतीतून ते वेगळे काढले, माणसांवर देण्याआधी अर्क स्वतः घेऊन पाहिला आणि २०१५ मध्ये नोबेल मिळवले. आज जगभर फाल्सिपेरमचे उपचार या औषधावर उभे आहेत. आणि २००८ च्या सुमारास पश्चिम कंबोडियात त्यालाही परजीवी हळू मरू लागल्याचे लक्षात आले. पुढे आफ्रिकेत रवांडातही तेच दिसले. कसे, ते ऐकण्यासारखे आहे. हे औषध परजीवीने खाल्लेल्या रक्तातूनच पेटते. त्याच्या केल्च-१३ नावाच्या जनुकात बदल झाला की तो लहान वयात कमी खातो, म्हणजे अर्धपोटी राहून विष चुकवतो. २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मृत्यू पावलेल्यांत बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची बाळे. नव्या चुली शोधण्याची घाई आहे ती यामुळे.

आता आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट. परजीवीच्या पेशीत एक लहानशी पिशवी दिसत असे. ती कशासाठी आहे हे फार वर्षे कळले नव्हते. तिच्यात स्वतःचे वेगळे गोल डीएनए होते. १९९० च्या दशकात त्या डीएनएचा उलगडा झाला आणि कळले की ही पिशवी झाडाच्या पानातल्या हरितलवकाची नातलग आहे. ते सांगणाऱ्यांत मेलबर्नचे जेफ मॅकफॅडन होते, मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. फार पूर्वी परजीवीच्या पूर्वजाने एक तांबडे शैवाल गिळले आणि ते न पचवता पोटात ठेवून घेतले. आता त्यात हिरवेपणा नाही, उन्हावर अन्न करणे नाही, भोवती चार पडदे मात्र आहेत. तिला एपिकोप्लास्ट म्हणतात.

तापाच्या जंतूत झाडाचा तुकडा! आमच्यापैकी शिक्षिकेने हे सातवीच्या वर्गात सांगितले तेव्हा एका मुलीने लगेच विचारले, "मग तणनाशक मारले तर मरेल का?" प्रश्न अगदी बरोबर होता. शास्त्रज्ञांच्या मनात तोच आला. आपल्यात हरितलवक नाही, म्हणजे तिथे जे शिजते त्याची चूल आपल्या घरात असणार नाही. एक खरेच तणनाशकासारखे निघाले. फॉस्मिडोमायसिन नावाचे हे औषध झाडांची एक प्रक्रिया अडवते, आणि तेच परजीवीला मारते हे १९९९ मध्ये जर्मनीतल्या गीसन इथल्या गटाने दाखवले. पुढे आफ्रिकेत गॅबनमध्ये रुग्णांना देऊन पाहिले. ताप उतरला, परजीवी गेले, पण बऱ्याच जणांत पुन्हा आले. एकट्याने भागत नाही असे दिसले.

त्याच सुमारास बंगळुरूहून मोठी बातमी आली. ट्रायक्लोसान हे नाव साबणाच्या किंवा टूथपेस्टच्या वेष्टनावर तुम्ही पाहिले असेल. जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या नमिता सुरोलिया आणि भारतीय विज्ञान संस्थेतले अवधेश सुरोलिया यांनी २००१ मध्ये दाखवले की ट्रायक्लोसानने परजीवी मरतो. काचेच्या भांड्यातलाही, आणि उंदराच्या अंगातलाही. परजीवी त्या शैवालाच्या पिशवीत स्निग्धाम्ले बनवतो, झाडाच्या आणि जिवाणूच्या रीतीने. आपली रीत वेगळी. ट्रायक्लोसान त्यातले एक एन्झाइम बंद करते. वेगळी चूल सापडली, विझवायचे पाणीही घरातल्याच साबणात! जगभर बऱ्याच प्रयोगशाळा या चुलीमागे लागल्या.

आणि मग २००८-०९ मध्ये उलटे निघाले. अमेरिकेतल्या गटांनी त्या एन्झाइमचे जनुकच परजीवीतून काढून टाकले. तो मरायला हवा होता. रक्तात तो मजेत वाढला. स्निग्ध पदार्थ तो आपल्या रक्तातून उचलत होता. ट्रायक्लोसानने मात्र असे जनुक काढलेले परजीवीही मेले, म्हणजे ते दुसरीकडेच कुठेतरी लागत होते. उंदरांच्या हिवतापात असे दिसले की या चुलीची खरी गरज यकृतातून बाहेर पडण्याच्या वेळी लागते. रक्तातला ताप बरा करायला ती निरुपयोगी, ताप येण्याआधी अडवायला कदाचित उपयोगी.

हीम बनवण्याच्या चुलीचेही तसेच झाले. भारतीय विज्ञान संस्थेतल्या जी. पद्मनाभन यांच्या गटाने ती अनेक वर्षे अभ्यासली होती, आणि २०१३ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवून दिले की डासात आणि यकृतात ती लागते, रक्तात तिच्यावाचून चालते. आपणच मांडलेले आपणच तपासून बदलायचे, याला आम्ही मोठे काम मानतो. वर्तमानपत्रात 'हिवतापावर औषध सापडले' हे छापून येते, 'ती चूल नव्हतीच' हे क्वचितच.

मग या पिशवीतली रक्तातल्या परजीवीला लागणारी चूल कोणती? कॅलिफोर्नियातल्या एलेन येह आणि जोसेफ डेरिसी यांनी २०११ मध्ये साधा, हुशार प्रयोग केला. परजीवीला प्रतिजैविक देऊन त्याची ती पिशवीच नाहीशी केली आणि भांड्यात एकेक पदार्थ आयता देऊन पाहायचे ठरवले. आयपीपी नावाचा एकच पदार्थ बाहेरून दिला आणि परजीवी जगले. पिशवी नाही, तिचे डीएनए नाही, तरी वाढत राहिले. म्हणजे रक्तात असताना ही सगळी पिशवी तो एवढ्या एका पदार्थासाठी सांभाळतो. आयपीपी आपणही बनवतो, पण वेगळ्या मार्गाने. कोलेस्टेरॉलसाठी सासऱ्यांना दिलेली स्टॅटिनची गोळी आपल्या त्या मार्गावरच काम करते. आणि ते फॉस्मिडोमायसिन? ते याच आयपीपीच्या चुलीवर पाणी ओतत होते. चूल बरोबर होती, औषध अंगात पुरेसे टिकत नव्हते.

या सगळ्यासाठी परजीवी अंगाबाहेर वाढवता यावा लागतो. ते जमले १९७६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये, ट्रेगर आणि जेन्सन यांना, आणि उपकरण काय, तर मेणबत्ती. माणसाच्या तांबड्या पेशी पसरट बशीत घालून झाकणाच्या बरणीत ठेवायच्या, आत मेणबत्ती लावायची, झाकण लावायचे, मेणबत्ती विझेपर्यंत आतला प्राणवायू कमी होतो, आणि तेवढाच फाल्सिपेरमला मानवतो. त्या मेणबत्तीच्या बरणीने पुढची चाळीस-पन्नास वर्षे घडवली.

२००२ मध्ये फाल्सिपेरमचा सगळा जनुकसंच वाचून झाला. पाच हजारांहून अधिक जनुके, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक काय करतात ते ठाऊक नाही. कोणती चूल मोडली तर तो मरेल, हे एकेक करून कधी पाहणार? दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी डीएनएचा एक उडता तुकडा वापरला. तो पहिल्यांदा सापडला होता कोबीची पाने खाणाऱ्या एका अळीच्या पेशींत. हा तुकडा परजीवीच्या जनुकांत कुठेही जाऊन बसतो आणि बसेल ते जनुक बिघडवतो. अशी ३८ हजारांहून अधिक बिघडलेली रूपे त्यांनी तपासली. बिघडलेले जनुक बिनमहत्त्वाचे असेल तर परजीवी जगतो आणि तुकडा तिथे सापडतो. महत्त्वाचे असेल तर परजीवी मरतो आणि तुकडा तिथे कधीच सापडत नाही. म्हणजे जिथे काही सापडले नाही ती जागा कामाची! २०१८ मध्ये त्यांनी सांगितले की सुमारे ५,४०० पैकी २,६८० जनुकांवाचून रक्तातल्या परजीवीचे चालत नाही. यातली पुष्कळ आपल्याशी सामाईक आहेत, ती वगळायची. उरलेल्यांतून निवडायचे.

दुसरी रीत आम्हाला जास्त पोलिसी वाटली. आधी हजारो रेणू परजीवीवर टाकून पाहायचे. एखाद्याने तो मेला की, का मेला ते परजीवीलाच विचारायचे. म्हणजे त्या रेणूच्या थोड्या थोड्या मात्रेत त्याला महिनोन्महिने वाढवायचे, तो सरावला की त्याची जनुके वाचायची. जे बदलले असेल तिथेच घाव बसत होता. सिपार्गामिन नावाच्या रेणूची चूल २०१० मध्ये अशीच कळली, आणि ती निघाली मिठाची. परजीवीच्या अंगात सोडियम सारखे शिरत असते आणि तो एका पंपाने ते उपसत बसतो. पंप बंद पडला की तो खारट होऊन फुगतो आणि मरतो, तेही लवकर. हे औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचले आहे.

आता त्या सुनेच्या प्रश्नाकडे. प्रायमाक्विन १९५२ पासून वापरात आहे. तरी ते नेमक्या एका चुलीवर जात नाही. ते शरीरात बदलून प्राणवायूचे दाहक रेणू तयार करते आणि ते झोपलेल्या परजीवीला मारतात असे मानतात. तेच रेणू जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशीही फोडतात. आईची तपासणी करता येते. पोटातल्या बाळाच्या रक्तात तो दोष आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. म्हणून गरोदरपणी ही गोळी देत नाहीत. कुणी टाळले नव्हते, गोळ्याही संपल्या नव्हत्या. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एका मात्रेचे टाफेनोक्विन याच घराण्यातले, म्हणून तेही गरोदर बाईला नाही.

नवी चूल हवी ती यासाठी. आणि ती शोधणे सगळ्यात अवघड इथेच, कारण व्हायवॅक्स मेणबत्तीच्या बरणीत टिकत नाही. आजही प्रयोगशाळेत तो सतत वाढवता येत नाही. थायलंड आणि कंबोडियात रुग्णाचे ताजे रक्त डासांना पाजतात, दोनेक आठवड्यांनी त्या डासांतून परजीवी काढून यकृताच्या पेशींवर सोडतात, आणि मग झोपलेल्यांवर औषधे करून पाहतात. झोपलेल्याच्या घरात चुली थोड्याच पेटलेल्या असतात. त्यातली कोणती विझवायची, हा प्रश्न अजून खुला आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकली, ती सांगतो. औषधांच्या पहिल्या चाचण्यांतून गरोदर बायकांना वगळतात. काळजीपोटीच. पण मग औषध बाजारात आल्यावर कितीतरी वर्षे 'गरोदर स्त्रीला द्यावे का' याला उत्तर नसते. आर्टेमेथर-लुमेफँट्रिन ही जोडी पहिल्या तीन महिन्यांतही द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले ते २०२२ मध्ये. ती गोळी त्याआधी वीस वर्षे वापरात होती.

आम्ही त्या सुनेला एवढेच सुचवले की प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचार, बाळंतपणापर्यंत आठवड्यातून एकदा क्लोरोक्विन घ्यावे का. व्हायवॅक्स पुन्हा उठत असेल तर गरोदर बाईसाठी असा विचार करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक सूचनाच सांगते. झोपलेले मरत नाहीत, पण उठले तर रक्तात तग धरत नाहीत. प्रायमाक्विनचे मग बाळंतपणानंतर, तपासणी करून, डॉक्टर ठरवतील.

परवा तिचा फोन आला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आहे. सासूबाई दर रविवारी स्वतः जेवणानंतर तिच्या हातावर ठेवतात आणि ती गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. शैवालाची गोष्ट त्यांना सांगितली तर म्हणाल्या, "धानातला करगा उपटायला आम्हाला येतो, हा कुठून उपटायचा ते त्यांना विचारून ठेवा."

पुढच्या बुधवारी याच वेळी रक्ताच्या काचपट्टीबद्दल बोलू. तुमच्या बोटातून घेतलेला थेंब जातो कुठे आणि कोण पाहते ते. नमस्कार.